मनाचं धुराडं

आम्ही अवसरी खुर्दच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आज बोलायचंय मनाच्या तळाशी दडलेल्या गोष्टींविषयी.

आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसायच्या. सासरचा जाच, माहेरची ओढ, जे घरात बोलायची सोय नव्हती ते ओवीतून निघायचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता जातं गेलं, गिरणी आली. मनातलं मात्र मनातच राहिलं.

ते साठलं की काय होतं? व्हिएन्ना शहरातली बर्था पापेनहाइम १८८० साली एकवीस वर्षांची होती. आजारी वडिलांची सेवा करता करता तिचा उजवा हात लुळा पडला, मातृभाषा बोलता येईना. तहान लागली तरी पेल्यातलं पाणी पिववेना. डॉक्टर ब्रॉयर तिचं रोज ऐकून घेत. एकदा तिनं सांगितलं, कुत्र्याला पेल्यातून पाणी पिताना पाहिलं होतं, किळस आली होती, पण भिडेपोटी गप्प राहिले. मनातला राग बोलून टाकला आणि ती पाणी प्यायली. अशा बोलण्याला ती 'धुराडं झाडणं' म्हणायची. काजळी साठली की धूर घरातच कोंडतो, हे चुलीपुढं बसलेल्या बाईला सांगायला नको.

ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये तिची हकीकत छापली. फ्रॉइड पुढं म्हणाले, एक मन हट्टी लेकरासारखं हवं ते मागतं, दुसरं 'लोक काय म्हणतील' म्हणून दरडावतं, मधल्याची ओढाताण होते. त्यांचं सगळंच आज डॉक्टर मानत नाहीत. पण एरवी मान वर न करणारी सून अंगात आल्यावर घराला खडसावते, तेव्हा ते बोल कुठून येतात, याचा विचार करा.

नुसतं बोलून बर्था लगेच बरी झाली नाही, पुढंही दवाखान्यात राहावं लागलं. पण तिनंच १९०४ मध्ये जर्मनीत ज्यू महिलांची संघटना उभी केली.

म्हणून कुणाची दातखीळ बसली, हात लुळा पडला, तर 'सोंग करते' म्हणू नका. आधी दवाखान्यात न्या, आजार शरीराचाही असू शकतो. तपासणीत काही निघालं नाही, तरी तिचा त्रास खराच असतो. हप्ते गोळा झाले की तिला बाजूला घेऊन विचारा. मध्येच उपदेश नको, ऐकलेलं बाहेर जायला नको. जीव नकोसा झालाय म्हणाली, तर एकटी सोडू नका. सरकारच्या टेली-मानसला १४४१६ वर फोन लावा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो.

येतो आम्ही. नमस्कार!