नक्षीदार फरशी आणि रंगांचा मेळ

मुंबईतल्या, गोव्यातल्या अनेक जुन्या घरांत नक्षीदार सिमेंटची फरशी आजही शोभून दिसते. ही फरशी भट्टीत भाजत नाहीत. धातूच्या साच्यातल्या कप्प्यांत रंगीत सिमेंट ओततात, वर सिमेंट-वाळूचं कोरडं मिश्रण घालून यंत्राने दाबतात आणि मग पाण्यात मुरवतात. रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असतो, म्हणून वर्षानुवर्षं वावर होऊनही नक्षी टिकते. १९२२ साली मुंबईत सुरू झालेली भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स ही कंपनी अशी फरशी बनवत आली आहे.

या फरशीत बहुधा मोजकेच रंग असतात आणि कडेची पट्टी मधल्या नक्षीला आवर घालते. घर सजवताना हेच सूत्र धरा. फरशी नक्षीची असेल तर भिंती साध्या ठेवा; तिच्यातलाच एखादा रंग पडद्यांना द्या. फरशी साधी असेल तर मोठी नक्षी एकाच ठिकाणी, सतरंजीवर किंवा चादरीवर येऊ द्या. उशांचे अभ्रे बारीक नक्षीचे घ्या. भिंतीचा रंग दिवसाउजेडी आणि दिव्याखाली, दोन्ही वेळी पाहूनच ठरवा.

आणि घराची दुरुस्ती काढलीत, तर जुनी फरशी उखडण्याआधी सौम्य साबणाने धुऊन पाहा. ॲसिड मात्र वापरू नका, त्याने सिमेंट झिजतं.