बापूंच्या तीन अटी आणि तुमचा कॅमेरा



सेवाग्रामच्या बापूकुटीत भर दुपारी पाऊल टाकलं, तरी डोळे सरावायला क्षणभर लागतो. मातीच्या भिंती, बांबूचं काम, उतरतं छप्पर आणि जपून आत येणारा उजेड. अशाच उजेडात कनू गांधी नावाचा तरुण बापूंचे फोटो काढायचा. हा नारणदास गांधींचा मुलगा, नात्याने बापूंचा चुलत नातू. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या 100 रुपयांत त्याने रोलायफ्लेक्स कॅमेरा घेतला. बापूंनी परवानगी दिली, पण तीन अटींवर: फ्लॅश मारायचा नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही आणि आश्रम पैसे देणार नाही.

लग्नसराई जवळ आली की मला हमखास विचारतात, ‘‘सर, खिशातला छोटा डिजिटल कॅमेरा घेऊ की डीएसएलआर?’’ पाठोपाठ दुसरा प्रश्न, ‘‘मेगापिक्सेल किती पाहिजेत?’’ मेगापिक्सेल जरा बाजूला ठेवा. बापूंच्या त्या अटी दोन्ही कॅमेऱ्यांना लावून पाहू.

फ्लॅशशिवाय फोटो घ्यायचा तर कॅमेऱ्याने मिळेल तेवढा उजेड गोळा केला पाहिजे. तो पडतो सेन्सरवर. साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे 6 मिलिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटर रुंद, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढाच. नेहमीच्या डीएसएलआरमधला साधारण 23 बाय 15 मिलिमीटर, टपालाच्या छोट्या तिकिटाएवढा. क्षेत्रफळाने बारा-तेरा पट! पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर पाणी कशात जास्त साचेल? तुरीच्या दाण्यावर दोन कोटी पिक्सेल कोंबले, तर प्रत्येकाच्या वाट्याला उजेड येतो थेंबभर. मग कॅमेरा तो सिग्नल वाढवतो आणि फोटोत रवा पसरल्यासारखे ठिपके दिसतात. कॉम्पॅक्टमध्ये आयएसओ, म्हणजे ही वाढ सांगणारा आकडा, 800 ला गेला की हा रवा दिसायला लागतो. डीएसएलआर 3200 लाही बऱ्यापैकी तग धरतो. कनूभाईंच्या फिल्मची एकेक चौकट जवळपास 56 मिलिमीटरची चौरस होती, त्या दाण्याच्या शंभरपटीहून मोठी. अर्थात 120 च्या रोलवर फोटो यायचे फक्त बारा.

पण इथे एक गोम आहे, ती दुकानात कोणी सांगत नाही. डीएसएलआरबरोबर मिळणारी 18-55 मिलिमीटरची ‘किट’ लेन्स झूम केली, की तिचं तोंड एफ 5.6 पर्यंत आकसतं; एफचा आकडा मोठा, तर तोंड लहान. परात मोठी, पण वरची चाळणी बारीक! म्हणून बजेटमध्ये बसत असेल तर 50 मिलिमीटर, एफ 1.8 ही साधी लेन्स जोडीला घ्या. उलट काही कॉम्पॅक्ट वाटीपेक्षा मोठे असतात. सोनीने 2012 मध्ये आणलेल्या आरएक्स 100 चा सेन्सर साध्या कॉम्पॅक्टच्या चौपट आहे आणि लेन्स एफ 1.8 पासून सुरू होते. अंधाऱ्या मांडवात किट लेन्सवाल्या डीएसएलआरला तो घाम फोडू शकतो.

आता पोझ न देणारा माणूस. तो तुमच्यासाठी थांबणार नाही. जुना कॉम्पॅक्ट फोकस शोधताना लेन्स पुढेमागे करत चाचपडतो. तेवढ्यात वरमाला गळ्यात पडलेली असते. डीएसएलआरमध्ये लेन्समागच्या आरशातून थोडा उजेड फोकसच्या वेगळ्या सेन्सरकडे जातो. लेन्स कोणत्या दिशेला आणि किती सरकवायची, हे तो एका दमात सांगतो. मात्र डोळा आयपीसला लावा. हात लांब करून पडद्यावर बघत फोटो काढलात, तर आरसा वर अडकून राहतो आणि बहुतेक जुने डीएसएलआर कॉम्पॅक्टसारखेच चाचपडतात. एवढे पैसे मोजून लोक नेमकं हेच करतात!

आवाजाचंही बघा. डीएसएलआरचा आरसा प्रत्येक फोटोला ‘खटाक्’ करून उडतो. पवनारच्या आश्रमातल्या प्रार्थनेत तो खटका सगळ्यांच्या माना वळवेल. रोलायफ्लेक्सचा आरसा जागचा हलत नाही. कॉम्पॅक्टमध्ये आरसाच नाही. इथे खिशातला बरा.

बोर व्याघ्र प्रकल्पात जाणाऱ्यांनी तर आधी लेन्सचा विचार करावा. किट लेन्समधून शंभर मीटरवरचा वाघ म्हणजे पिवळा ठिपका. निकॉनच्या पी 900 सारखा 83 पट झूमचा, मोठ्या अंगाचा पण कॉम्पॅक्टच्याच कुळातला कॅमेरा चांगल्या उजेडात त्याच्या मिशा दाखवेल. फक्त पहाटेच्या पहिल्या फेरीत आणि संध्याकाळी गेट बंद व्हायच्या सुमारास तो हात टेकतो. वाघही नेमका तेव्हाच निघतो, त्याला काय करणार!

तिसरी अट पैशांची. कॅनन आणि निकॉन यांचं लक्ष आता बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे गेलंय. त्यामुळे जुना डीएसएलआर स्वस्तात मिळू शकतो. घेताना लेन्समधून टॉर्चचा उजेड टाकून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं, तर ती बुरशी. आपल्या दमट श्रावणात ती घरीही धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कॅमेरा ठेवा. हिंगणघाटकडे जिनिंगमध्ये फोटो काढायचे असतील, तर तिथे लेन्स बदलू नका. रुईचा एक तंतू आत सेन्सरवर बसला, तर पुढच्या प्रत्येक फोटोत तो हजर.

आणि कोणताही कॅमेरा घेण्याआधी एवढं करा. स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन दुकानात जा. काउंटरवरच्या झगमगाटात नव्हे, मागच्या अंधाऱ्या खोलीत फ्लॅश बंद करून दोन्ही कॅमेऱ्यांनी चालत्या माणसाचे दहा-दहा फोटो काढा आणि घरी मोठे करून बघा. दुकानदार थोडी कुरकुर करेल, करू द्या.