आधी पट्टा, मग कॅमेरा
(व्याख्यानमालेतील चौथे पुष्प)



पत्रिकेत विषय छापलाय ‘स्वतः लेन सांभाळणारी गाडी : चालकांचे अनुभव’. माझी सगळी नोकरी रस्त्यांच्या कामात गेली, त्यामुळे माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ही यंत्रणा चांगली की वाईट, याचा निकाल गाडीच्या कारखान्यात लागत नाही. तो रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर लागतो.

यंत्रणा चालते कशी, हे तुम्ही जाणताच. आरशामागच्या काचेला कॅमेरा असतो, तो दोन्ही बाजूंचे पट्टे शोधतो, आणि स्टीअरिंगची मोटर गाडीला त्यांच्या मधोमध धरून ठेवते. आपल्याकडे 2021 पासून अशा यंत्रणा मध्यमवर्गाच्या गाड्यांत येऊ लागल्या. त्यात अडकत नाही, अनुभवांकडे येतो.

पहिला अनुभव बहुतेकांचा सुखाचा. समृद्धी महामार्गाचे 701 किलोमीटर, त्यात लांबच लांब सरळ पट्टे. तिथे खांदे भरून येत नाहीत, असं नागपूरकडची मंडळी सांगतात. एक फायदा तर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. इंडिकेटर न देता लेन बदलायला गेलं, की स्टीअरिंग हाताला विरोध करतं. त्यामुळे आयुष्यात कधी इंडिकेटर न दिलेली माणसं तो देऊ लागली. (हशा) हसू नका, माझ्या मते ही मोठी सुधारणा आहे.

दुसरा अनुभव माझ्या भाचीचा. ती द्रुतगती मार्गावरून नेहमी पुण्याला येते. ती म्हणाली, “मामा, शेजारचा ट्रक पट्ट्यावर चढून चाललेला असतो. मी नकळत हातभर बाजूला सरकते, आणि गाडी मला परत मधे ओढते. ट्रकच्या चाकाकडे!” गाडीचं गणित चुकलेलं नसतं. लेनचा मध्य तिथेच असतो. पण आपल्याकडे ट्रक लेन पाळत नाहीत, हे भाचीला ठाऊक आहे आणि मोटरला ठाऊक नाही.

तिसरा अनुभव सगळ्यात महत्त्वाचा. संध्याकाळी ऊन समोरून येतं. रस्ता काँक्रीटचा, म्हणजे मुळातच फिकट. त्यावर झिजलेला पांढरा पट्टा कॅमेऱ्याला दिसेनासा होतो. उलट भेगा भरायला ओतलेलं डांबर उन्हात चमकतं आणि तेच पट्ट्यासारखं दिसू शकतं. डॅशबोर्डवरची हिरवी रेघ करडी होते. बस्स, एवढीच खूण. तुमची नजर समोर असेल, तर मोटरने हात काढून घेतल्याचं तुम्हाला वळणावर कळतं.

आता या पट्ट्याबद्दल थोडं सांगतो. रस्त्याच्या मधोमध रेघ ओढायची कल्पना अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये 1911 साली एडवर्ड हाइन्स यांनी अमलात आणली. त्यांची ओळख एवढीच पुरे. मला सांगायचंय ते जून मॅककॅरल या बाईंबद्दल. कॅलिफोर्नियातल्या इंडिओ गावच्या डॉक्टर. 1917 साली समोरून आलेल्या ट्रकमुळे त्यांना आपली गाडी रस्त्याखाली वाळूत घालावी लागली. रस्त्याच्या मधे रेघ हवी, हे त्यांच्या मनाने घेतलं. अधिकाऱ्यांनी दाद दिली नाही, म्हणून त्यांनी स्वतः रेघ रंगवली, अशी हकिगत सांगतात. पुढे त्यांनी महिला मंडळांना बरोबर घेतलं, पत्रव्यवहार केला, सभा घेतल्या. 1924 मध्ये राज्याने ती पद्धत स्वीकारली. म्हणजे सात वर्षं! (टाळ्या)

आणि यॉर्कशायरचे पर्सी शॉ. 1934 साली त्यांनी रस्त्यात बसवायच्या चकाकत्या काचांचं पेटंट घेतलं. काचा रबरात बसवलेल्या. वरून चाक गेलं की रबर दबतं आणि साचलेल्या पावसाच्या पाण्याने काच पुसून निघते. पाऊस हा त्यांनी मदतनीस केला. आपला पट्टा याच पावसात हरतो. आपल्या पट्ट्याच्या रंगात बारीक काचमणी असतात, ते हेडलाइटचा उजेड चालकाकडे परत पाठवतात. मण्यांवर पाण्याचा थर आला की उजेड भलतीकडे जातो. जुलैच्या रात्री घाटात पट्टा असूनही नसल्यासारखा होतो, माणसाला आणि कॅमेऱ्यालाही.

(सभागृहातून प्रश्न : म्हणजे चालकाचा काहीच दोष नाही?)

आहे. मी चालकाची वकिली करायला उभा नाही, आणि गाडीवाल्यांचा वैरी म्हणूनही नाही. स्टीअरिंगला बाटली अडकवून हात ठेवल्याचा भास निर्माण करणाऱ्याला माझी सहानुभूती नाही. पण एक प्रकरण ऐका. 23 मार्च 2018, कॅलिफोर्नियातलं माउंटन व्ह्यू. महामार्गाला फाटा फुटतो तिथे टेस्लाच्या यंत्रणेने गाडी डावीकडे, दोन रस्त्यांमधल्या रिकाम्या पट्टीत नेली. समोर दुभाजक होता. चालक दगावला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली. फोनवरच्या खेळामुळे चालकाचं लक्ष विचलित झालं असावं, शेवटचे सहा सेकंद स्टीअरिंगवर हात जाणवले नव्हते, यंत्रणेच्या मर्यादा होत्या, हे सगळं अहवालात आहे. त्याच अहवालात झिजलेल्या पट्ट्यांचीही नोंद आहे. आणि दुभाजकापुढचा धक्का शोषणारा अडथळा आधीच्या एका अपघातात चेपला होता, तो दुरुस्तच झालेला नव्हता. चालक, यंत्र आणि रस्ता, तिघेही उणे पडले. आपण चर्चा पहिल्या दोघांचीच करतो, कारण तिसऱ्याला मालक शोधावा लागतो.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. यंत्रणा चालू असताना चालक नुसता पहारा देतो, आणि सतत पहारा देणाऱ्या माणसाचं लक्ष अर्ध्या तासात ढिलं पडतं, हे मानसशास्त्रज्ञ मॅकवर्थ यांनी 1948 मध्येच दाखवलं होतं. त्यावर बोलायचं होतं, ते राहिलं. थेट मागण्यांवर येतो.

एक, पावसाळा सरला की महामार्गांचे पट्टे पुन्हा मारले जावेत, आणि त्यांची चमक उपकरणाने मोजावी. असं उपकरण असतं, डोळ्यांनी अंदाज करायची गरज नाही. दोन, मोजमाप टोलनाक्यावर लावावं, पट्टा मारल्याच्या तारखेसह. तीन, गाडी विकताना शोरूमवाल्याने ती करडी रेघ ग्राहकाला रस्त्यावर नेऊन दाखवावी. चार, तोवर पावसात, घाटात आणि ट्रकांच्या गर्दीत तुम्ही ही यंत्रणा बंद ठेवा. बटण स्टीअरिंगवर किंवा पडद्यावर असतं, आज घरी जाताना शोधून ठेवा.

बाहेरच्या टेबलावर टोलचालकांना आणि बांधकाम खात्याला द्यायच्या अर्जाचा मसुदा ठेवलाय. ज्या ठिकाणी पट्टा पुसलेला दिसेल, तिथला किलोमीटर-दगडाचा आकडा त्यात लिहा आणि अर्ज पाठवा. उत्तर आलं नाही, तर महिन्याने पुन्हा पाठवा.