रंग नंतर येईल

श्रोतेहो, प्रवासाहून परतलेल्या माणसाला ‘काय, कशी झाली ट्रिप?’ असं विचारलं, की त्यानं ‘छान झाली’ असंच म्हणायचं असतं. लग्नाच्या जेवणाबद्दल यजमानानं विचारल्यावर जे उत्तर आपण देतो, तसंच हे. रजा टाकलेली असते, तिकिटं चार महिने आधी काढलेली असतात, शेजाऱ्यांना सांगून झालेलं असतं. एवढं सगळं करून ‘काही मजा आली नाही’ असं कोण म्हणेल? त्यामुळे सहलीतली निराशा सहसा कुणी सांगत नाही. मी आज तीच सांगणार आहे. कारण त्या एका दिवसाच्या निराशेनं मला जे दाखवलं, ते मौजेनं दाखवलं नसतं.

२०२३ च्या मार्चमध्ये मी आणि माझी पत्नी अंदमानला गेलो होतो. मराठी माणूस अंदमानला जातो तो आधी सेल्युलर जेल पाहायला. १९११ पासून दहा वर्षं सावरकर तिथं होते, ती कोठडी बघून तो बाहेर येतो आणि थोडा वेळ गप्प होतो. आम्हीही झालो. मला आणखी एका ठिकाणी जायचं होतं. १८५७ नंतर काळ्या पाण्यावर पाठवलेल्यांत मौलाना फज़ल-ए-हक़ खैराबादी होते. अरबीचे मोठे पंडित, ग़ालिबचे स्नेही. १८६१ साली ते तिथंच वारले, तिथंच त्यांची कबर आहे. तिथं फातेहा वाचला आणि दुसऱ्या दिवशी बोटीनं हॅवलॉक बेटावर गेलो. २०१८ च्या डिसेंबरपासून या बेटाचं नाव स्वराज द्वीप आहे, पण जेटीवर उतरणाऱ्याच्या तोंडी अजून हॅवलॉकच येतं. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना इथं जमिनी दिल्या गेल्या. गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशी त्यांच्या गावांची नावं. ज्या पाण्याचं नाव काढलं की एकेकाळी माणसं कानावर हात ठेवत, त्याच पाण्यात उतरायला आज आपण पैसे मोजून रांग लावतो. काळाचा हा महिमा.

हॅवलॉकला गेल्यावर स्कूबा डायव्हिंग करायचंच, असा आता रिवाज आहे. पोहता येत नसलं तरी चालतं. पाठीवर हवेची टाकी, तोंडात रेग्युलेटर, डोळ्यांवर मास्क आणि सोबत एक वाटाड्या. आपण फक्त श्वास घ्यायचा, बाकीचं तो बघतो. हे यंत्र तसं फार जुनं नाही. फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी १९४३ साली ते घडवलं. त्याआधी समुद्राच्या तळाशी जायचं तर डोक्यावर तांब्याचा घुमट आणि वर नावेला जोडलेली हवेची नळी लागायची. नाहीतर आमच्या खाडीतल्या बायाबापड्यांसारखं, छाती भरून श्वास घ्यायचा आणि तो संपायच्या आत वर यायचं.

इथं मात्र नियम नेमका उलटा होता. ‘श्वास कधीही रोखायचा नाही,’ हे आम्हाला तीनदा बजावण्यात आलं. त्यालाही कारण आहे. दहा मीटर खाली गेलं की पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब दुप्पट होतो. तिथं फुप्फुसात भरलेली हवा वर येताना फुगते. ती कोंडून धरली तर फुप्फुसाला इजा होते. मग खुणा शिकवल्या. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की ‘ठीक आहे’. अंगठा वर केला की ‘मला वर न्या’. आता आपल्याकडे अंगठा वर करणं म्हणजे ‘झकास’. त्यामुळे आमच्या आधीच्या तुकडीतल्या एका गृहस्थांना मासा दिसला, त्यांनी आनंदानं अंगठा दाखवला आणि वाटाड्यानं त्यांना सरळ पृष्ठभागावर आणून सोडलं. पुन्हा खाली जायला मिळालं ते तीन मिनिटं. किनाऱ्यावर सगळे हसले. ते गृहस्थ मात्र हसले नाहीत.

कमरेभर पाण्यात पंधरा मिनिटं सराव झाला आणि माझी पाळी आली. पत्नीनं रक्तदाबाचं कारण सांगून आधीच अंग काढून घेतलं होतं. माझा वाटाड्या पंचविशीतला बंगाली मुलगा होता, बेटावरच जन्मलेला. त्यानं माझ्या टाकीला मागून धरलं आणि आम्ही उतरलो. नाक चिमटीत धरून हवा फुंकली की कानातला दडा सुटतो. तो सुटला, आणि मी डोळे उघडून पाहायला लागलो.

पहिल्यांदा दिसली ती वाळू. तळाची नव्हे, पाण्यात तरंगणारी. त्या एवढ्याशा भागात त्याच वेळी सात-आठ जोड्या उतरल्या होत्या. प्रत्येकाच्या पायांना ते लांब पंख. नवशिक्यांचे पाय तळाला लागत होते आणि वाळूचे लोट उठत होते. मग त्या धुरळ्यातून प्रवाळ दिसू लागले. मी ज्याची वर्षानुवर्षं चित्रं पाहिली होती, ज्या पोवळ्याचं नाव आपल्या आजीच्या माळेत असतं, ते पोवळ्याचं रान समोर होतं आणि त्याचा रंग राखाडी होता. हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या मोडून खाली पसरलेल्या. त्यांच्यावर शेवाळाची तपकिरी लव. मधूनच एखादं गोल, जिवंत पोवळं हिरवट-तपकिरी दिसे, त्याच्याभोवती छोटे निळे मासे घुटमळत आणि मी तिथं थांबू पाही. पण वाटाड्या थांबू देत नव्हता. त्याला माझं चित्रीकरण करायचं होतं. तो माझ्यासमोर येई, कॅमेरा धरी, हातानं ‘हसा’ म्हणे. तोंडात रेग्युलेटर धरून कसं हसायचं, हे मला अजून कळलेलं नाही. पुढे एका समुद्रफुलाजवळ नेऊन त्यानं मला विदूषक मासा दाखवला, त्याच्याशेजारी माझा फोटो काढला आणि घड्याळाकडे बोट केलं. वीस मिनिटं झाली होती.

वर आल्यावर मी त्याला म्हटलं, “भाई, रंग तो कुछ दिखा नहीं.” तो मास्क धुता धुता सहज म्हणाला, “रंग फोटो में आएगा, सर.”

आणि खरंच आला. संध्याकाळी फोनवर चित्रफीत आली, त्यात मी निळ्याशार पाण्यात, केशरी माशाशेजारी, गुलाबी झाक असलेल्या प्रवाळांवरून तरंगत होतो. पत्नी म्हणाली, “किती सुंदर! आणि तुम्ही म्हणता काही नव्हतं.”

यात फसवणूक होती असं मी म्हणणार नाही. त्या मुलाच्या बोलण्यात थोडं विज्ञानही होतं. पाणी सूर्याच्या प्रकाशातला लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं. पाच-सहा मीटरवरच लाल रंग जवळजवळ विझतो, मग नारिंगी, मग पिवळा. शेवटपर्यंत टिकतो तो निळा. आणखी खाली गेल्यावर बोट कापलं तर रक्तसुद्धा हिरवट-काळं दिसतं. म्हणून पाण्याखालचे छायाचित्रकार सोबत दिवा नेतात, किंवा नंतर संगणकावर लाल रंग परत आणतात. म्हणजे मला दिसलेला थोडा करडेपणा पाण्याचा होता. पण सगळा नव्हता. दिवा लावला असता तरी मोडक्या फांद्या काही जुळल्या नसत्या.

पोवळं हा दगड नव्हे, झाडही नव्हे. तो प्राणी आहे. टाचणीच्या डोक्याएवढे असंख्य जीव चुन्याची घरं बांधून एकत्र राहतात. त्यांच्या अंगात अतिसूक्ष्म शेवाळ बिऱ्हाड करून असतं. शेवाळाला आसरा मिळतो, आणि ते उन्हातून अन्न तयार करून घरमालकाला देतं. पोवळ्याचं बहुतेक पोषण या भाडेकरूकडून होतं, रंगही बराचसा त्याचाच. पण पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर हा संसार मोडतो. पोवळं शेवाळाला बाहेर काढतं आणि पांढरंफटक पडतं. तेव्हा ते मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर सावरतं. नाही निवलं तर मरतं आणि त्याच्यावर ते तपकिरी शेवाळ चढतं. मी पाहिलं ते असंच काहीतरी.

भारतातल्या प्रवाळांवर अशी पाळी १९९८ मध्ये आली, २०१० मध्ये आली, २०१६ मध्ये आली. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानला तिचा मोठा तडाखा बसला. त्याआधी २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपानं आणि त्सुनामीनं तिथले किनारेच वरखाली केले होते. उत्तरेकडच्या काही बेटांचे प्रवाळ पाण्याबाहेर उचलले जाऊन उन्हात वाळले. आणि माझ्या सहलीनंतर वर्षभरानं, एप्रिल २०२४ मध्ये, शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की जगभरच्या प्रवाळांवर हे संकट चौथ्यांदा आलं आहे. गोल, भरीव पोवळं वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतं. माझ्या छातीएवढं पोवळं म्हणजे शंभर वर्षांहून जुना जीव. त्याला सावरायला निवांत वर्षं लागतात, आणि दोन तापांमधलं अंतर तर कमी कमी होत चाललं आहे.

संध्याकाळी तो मुलगा चहाच्या टपरीवर पुन्हा भेटला. मी त्याला विचारलं, “पहले कैसा था?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, दहा-बारा वर्षांचा असताना तो वडिलांबरोबर होडीतून जायचा, तेव्हा वरूनसुद्धा खाली पिवळं, जांभळं दिसायचं. एका उन्हाळ्यात सगळं पांढरं झालं. आम्हा पोरांना वाटलं, किती छान दिसतंय! मी म्हटलं, हे तू लोकांना का सांगत नाहीस? तो म्हणाला, “कस्टमर छुट्टी पे आया है सर. उसको दुख की बात क्यों बोलूँ?”

श्रोतेहो, त्या मुलाला मी दोष देऊ शकत नाही. त्याचं पोट त्या वीस मिनिटांवर आहे. दिवसातून पाच-सहा वेळा तो परक्या माणसांचा जीव सांभाळत खाली उतरतो, आणि ते काम तो चोख करतो. पण त्याचं ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. आपण सुट्टीवर आहोत म्हणून त्यानं सांगायचं नाही, आणि आपण पैसे मोजले म्हणून आपण सांगायचं नाही. मग सांगणार कोण? हजारो माणसं दर वर्षी त्या पाण्यात उतरतात, डोळ्यांनी राखाडी रान पाहतात आणि घरी येऊन रंगीत चित्रफीत दाखवतात. ती पाहून आणखी हजारो जातात. उद्या तिथलं शेवटचं पोवळं गेलं, तरी फोनवरच्या समुद्राचा रंग काही उडायचा नाही. रंगाच्या या थराखाली तो मरतोय, हे आपल्याला कळणारसुद्धा नाही.

आणि हे फक्त अंदमानचं नाही. आपल्या मालवणलाही स्कूबा डायव्हिंग आता जोरात आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूच्या पाण्यातही पोवळी आहेत. १९८७ पासून हा भाग सागरी अभयारण्य आहे, हे त्या पाण्यात उतरणाऱ्या कितीजणांना माहीत असतं? विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटरवर भर समुद्रात, पाण्याखाली, आंग्रिया बँक नावाचं प्रवाळांचं मोठं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव त्याला मिळालं आहे. किल्ला पडला तर आपण ओरड करतो, करायलाच हवी. पण ज्या समुद्राच्या भरवशावर तो किल्ला बांधला, त्याच्या पोटात काय ढासळतंय, त्याचीही दाद घ्यायला नको का?

समुद्रात उतरू नका, असं मी म्हणत नाही. जरूर उतरा. ते पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घेणं, आपल्याच श्वासाचा तो घरघर आवाज ऐकणं, हा अनुभव विलक्षण आहे. फक्त एका वेळी थोडी माणसं नेणारा गट निवडा. प्रवाळाला हात लावू नका, पाय लावू नका. तुकडा खिशात घालू नका. मेलेला असला तरीही नको, २००१ पासून भारतात प्रवाळांना वाघाइतकंच कायद्याचं संरक्षण आहे. वाटाड्याला सांगा, माझा फोटो नको, मला पाच मिनिटं एका जागी थांबू दे. आणि वर आल्यावर त्याला विचारा, ‘इथं आधी काय होतं?’ सुट्टीवर आलेल्या माणसालाही दुःखाची गोष्ट ऐकायची असते, हे त्याला एकदा कळू द्या.

मी कविता लिहितो. शब्दांनी रंग भरण्याची सवय आम्हा लोकांना फार. त्या समुद्रावर मी परतल्यावर कविता लिहायला बसलो, तर आपोआप निळा, केशरी, जांभळा असे शब्द येऊ लागले. ते मी खोडले. जे दिसलं नव्हतं ते लिहायचं नाही, एवढं तरी त्या पाण्याचं देणं लागतो असं वाटलं. कागदावर शेवटी एकच शब्द उरला, राखाडी. त्याच्यापुढची कविता अजून व्हायची आहे. त्या चित्रफितीतला रंग मात्र मी मुलाकडून काढून घेतला आहे. आता पाहुण्यांना दाखवतो तेव्हा ते विचारतात, “हे असं का दिसतंय?” मग मी सांगायला सुरुवात करतो.