सूर्यकिरणांनी रेखाटलेल्या वनस्पती
(शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



छायाचित्र म्हटले की कॅमेरा आठवतो. परंतु छायाचित्रांनी सजलेले जगातील पहिले पुस्तक कॅमेऱ्यावाचूनच सिद्ध झाले, आणि त्याचा विषय होता वनस्पती.

१८४१ मध्ये विल्यम हार्वे यांचा ब्रिटिश शेवाळांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात चित्रे नव्हती. केसाहून नाजूक तंतूंची ओळख केवळ शब्दांनी कशी पटावी? हाताने काढलेली आकृतीही तंतोतंत उतरत नसे. ही अडचण अ‍ॅना अ‍ॅटकिन्स (१७९९–१८७१) या अभ्यासू विदुषीने दूर केली.

त्यांचे कौटुंबिक स्नेही, शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये एक कृती शोधली होती. लोहाचा व पोटॅशचा असे दोन क्षार पाण्यात मिसळून मंद उजेडात कागदाला लावावयाचे. कागद सुकल्यावर त्यावर वनस्पती ठेवून, वर काच दाबून, ऊन द्यावयाचे. नंतर कागद पाण्याने धुवावयाचा. ऊन लागलेला भाग गर्द निळा होतो. झाकलेला भाग पांढरा राहतो. चित्र मूळ वनस्पतीच्याच आकाराचे उमटते.

अ‍ॅटकिन्सबाईंनी १८४३ ते १८५३ या काळात अशी शेकडो चित्रे भागाभागांनी प्रसिद्ध केली. पुस्तकावर त्यांनी केवळ नावाची आद्याक्षरे घातली. त्यामुळे हे कार्य कोणाचे, याचा पुढे अनेकांना विसर पडला. हीच कृती नंतर बांधकाम नकाशांच्या ‘ब्लू प्रिंट’ रूपाने जगभरच्या कचेऱ्यांत पोहोचली.

हर्शेल यांनी फुलापानांच्या रसांनीही चित्रे उमटवली. आपल्या घरातील हळद त्या कामी येते. स्पिरिटमध्ये कालवलेली हळद कागदाला लावून सुकवावी, त्यावर पान ठेवून काचेखाली काही तास कडक ऊन द्यावे. उघडी हळद उडते, पानाखालची टिकते. मग धुण्याच्या सोड्याचे पाणी फिरवताच पानाची आकृती तांबूस उमटते. हळदीपासून कुंकू करणाऱ्यांना हा रंगबदल नवा नाही. मात्र असे चित्र उजेडात पुसट होत जाते. ते अंधारात जपावे. निळे चित्र अधिक टिकाऊ असते; त्यातील क्षार मात्र शिक्षकांनीच हाताळावेत.

२००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये स्थानिक संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापावयाची असते व समितीने लोकांच्या सहभागाने नोंदवही तयार करावयाची असते. त्या नोंदवहीत वनस्पतीचे नाव असते. पण एकाच नावाने दोन गावांत दोन वेगळी झुडपे ओळखली जातात. नावाशेजारी पानाची खरी आकृती असेल, तर पुढील पिढीचा गोंधळ टळेल. विद्यार्थ्यांनी गळालेली पाने वेचावीत, चित्रे करावीत, आणि प्रत्येकाखाली स्थानिक नाव, स्थळ व दिनांक लिहावा. दुर्मिळ रोप मात्र उपटू नये.

वृद्धांच्या स्मरणातील नावे त्यांच्याबरोबर लोपण्याआधी ती कागदावर यावीत. त्यासाठी लागणारे ऊन आपल्याकडे मुबलक आहे. प्रश्न आहे तो आपल्या तत्परतेचा.