उजेड कसा धरावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला दोन शब्द बोलायला सांगितले आहे. मी सातवी शिकलेली बाई, भाषणाची सवय नाही. पण मंडळाच्या जुन्या सभासदांच्या आठवणींचे जे व्हिडिओ या वर्षी घेतले, त्यांतले दिवे मी सांभाळले. तेव्हा त्याविषयीच बोलते.

आमची मंडळी चौघांची. माझा पुतण्या कॅमेरा बघतो, त्याचे दोन मित्र आवाज आणि जुळणी बघतात. पैसा बेताचा. माझ्याकडे प्रथम चहाचे काम होते. दिव्याला माणूस कमी पडला, तेव्हा पुतण्या म्हणाला, "काकू, एवढा दिवा धरता का?" तेव्हापासून दिवा माझ्याकडेच आहे.

बायकांना हे काम नवे नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लोकांपुढे आला. तेव्हा चित्रण उन्हातच होई. नटांच्या चेहऱ्यावर ऊन परतवण्यासाठी सरस्वतीबाई फाळके पांढरी चादर धरून उभ्या राहत, असे सांगतात. पुढे सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'त (१९५६) छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी काशीच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले असता वर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा उजेड त्यावरून खाली परतवला. अंगणात आभाळाचा उजेड पडावा तसा तो पडला. म्हणजे मोठ्यांचे कामही चादरीवरच चालले!

आता मी शिकले ते सांगते. लहान, उघडा दिवा चेहऱ्यावर कडक सावल्या पाडतो. तोच पांढऱ्या भिंतीवर किंवा थर्माकोलच्या तक्त्यावर मारला, की परत येणारा उजेड मऊ होतो. दिवा दोन हातांवरून चार हातांवर नेला, तर उजेड निम्मा होत नाही, साधारण चौथा हिस्सा उरतो. खिडकीचा उजेड निळसर आणि साध्या बल्बचा पिवळा. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले तर रंग बिघडतो, म्हणून एक बंद करावा. चष्मा असेल तर दिवा वर आणि बाजूला घ्यावा, म्हणजे काचेत चमकत नाही. हजार वॉटचा हॅलोजन फार तापतो. त्याजवळ कापड, कागद नेऊ नये आणि त्याला नेहमी मोठ्या प्लगातच जोडावे. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवावी, नाहीतर एखादे पोर वायरीत अडकायचे आणि दिवा अंगावर यायचा.

हे सारे कशासाठी, तेही सांगते. आपल्या एक आजी कॅमेऱ्यापुढे बसायला तयार नव्हत्या. "मी काळी. फोटोत माझे नुसते दात दिसतात," म्हणाल्या. आजवर बहुतेकांनी त्यांना खिडकीकडे पाठ करून बसवले होते. मागे लख्ख उजेड असला की कॅमेरा त्यालाच धरतो आणि चेहरा अंधारात जातो. त्यात रंगाचा दोष काही नाही. मी खुर्ची फिरवली, खिडकी त्यांच्या डाव्या हाताला आणली आणि उजवीकडे थर्माकोल धरला. एकही दिवा लावला नाही. चित्रण झाल्यावर आजींनी स्वतःला पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही तर माझी आई!" त्यांच्या आईचा फोटो कधी काढलाच गेला नव्हता.

भगिनींनो, आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या आठवणी अजून घ्यायच्या राहिल्या आहेत, आणि वय कोणासाठी थांबत नाही. पुतण्याला नोकरीमुळे रविवारच मिळतो. दोघी-तिघी तयार झाल्या, तर मोबाइलवरही हे काम होईल. थर्माकोलचा तक्ता आणि पांढरी चादर माझ्या घरी आहे. शनिवारी दुपारी स्वयंपाकघर आवरून या. खिडकीशी बसून एकमेकींचे चेहरे पाहू, मला येते तेवढे मी शिकवीन.