समुद्रपुष्पाचें संगोपन

नांदेडला गोदावरी आहे, लातूरकडे मांजरा आहे. परंतु समुद्र या दोन्ही नगरांपासून शेंकडों किलोमीटर दूर. अशा ठिकाणीं कोणी हौशी गृहस्थ दिवाणखान्यांत काचेची पेटी मांडून तींत समुद्र पाळूं म्हणेल, तर तो समुद्र प्रथम त्याला स्वतःच्या हातांनीं तयार करावा लागतो. त्यांत समुद्रपुष्प ठेवावयाचें असेल, तर ती नुसती हौस राहत नाहीं. एका जिवाची जबाबदारी होते.

इंग्रजींत ज्याला सी ॲनिमोन म्हणतात तें समुद्रपुष्प नांवानें फूल असलें तरी जातीनें प्राणी आहे. तळच्या पायानें तें खडकाला चिकटून राहतें आणि पाकळ्यांसारख्या भुजांतील दंशपेशींनीं भक्ष्य पकडतें. उष्ण समुद्रांतील अनेक जातींच्या अंगांत सूक्ष्म शैवाल वस्तीला असतें. तें प्रकाशावर अन्न तयार करून त्याचा वांटा यजमानाला देतें. प्रकाश कमी पडला किंवा पाणी तापलें कीं हें शैवाल निघून जातें, पुष्प पांढरें पडतें, आणि अजाण ग्राहक त्या पांढरेपणालाच सौंदर्य समजून तें विकत घेतो.

नीट सांभाळलेलें समुद्रपुष्प किती जगतें, याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. स्कॉटलंडमध्यें सर जॉन डॅलिएल यांनीं १८२८ मध्यें किनाऱ्यावरून आणलेलें एक पुष्प काचेच्या बरणींत १८८७ पर्यंत जगलें. सर जॉन १८५१ मध्येंच वारले. पुष्प एका हातांतून दुसऱ्या हातीं गेलें, पण पाणी बदलण्याचा नेम तुटला नाहीं. तें थंड किनाऱ्यावरचें होतें, शैवालावर अवलंबून नव्हतें. म्हणून त्याला बरणी पुरली. उष्ण समुद्रांतल्या पुष्पाला इतक्या थोड्यावर भागत नाहीं.

मराठवाड्यांत खरा प्रश्न पाण्याचा. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यांत साध्या मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादि द्रव्यें असतात. म्हणून स्वयंपाकाचें मीठ चालत नाहीं. मत्स्यालयासाठीं मिळणारें क्षारमिश्रणच लागतें, आणि तें कूपनलिकेच्या जड पाण्यांत नव्हे, तर शुद्धीकरण यंत्राच्या पाण्यांत विरघळवावें लागतें. असें यंत्र शुद्ध पाण्याच्या जोडीला पुष्कळ पाणी टाकून देतें. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें हें टाकाऊ पाणी फरशीला व भांड्यांना न वापरणें हा अपराधच होय.

उन्हाळ्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो, आणि पेटींतलें पाणी तर २४ ते २७ अंशांत राहावयास हवें. पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास पाणी निवतें, पण तितक्याच झपाट्यानें उडूनही जातें. कडक उन्हांत शीतकयंत्रावांचून गत्यंतर नसतें. उडतें तें केवळ पाणी. क्षार मागेंच राहतात. म्हणून रोजची तूट शुद्ध गोड्या पाण्यानेंच भरावी. ती खाऱ्या पाण्यानें भरणें ही नवशिक्याची नेहमींची चूक. वीज जाण्याच्या भीतीनें बॅटरीवर चालणारा हवेचा पंपही हाताशीं असावा.

नव्या पेटींत पुष्प ठेवूं नये. घाण पचविणारे जीवाणू स्थिरावून अमोनिया व नायट्राइट नाहींसे व्हावे, आणि त्यानंतरही कांहीं महिने जाऊं द्यावे. जागा न मानवल्यास पुष्प सरकत जातें. म्हणून पंपाच्या तोंडाला जाळी असावी. माशांच्या रोगावरील तांब्याचें औषध त्या पेटींत कधींही घालूं नये. तें पुष्पाला विष आहे. आठवड्यांतून एकदां-दोनदां कोळंबीचा नखाएवढा तुकडा पुरे. पुष्प क्षणभर आकसलें तर घाबरण्याचें कारण नाहीं. परंतु तोंड सैल उघडें राहिलें, पाय सुटला आणि दुर्गंधी आली, तर तें तत्काळ बाहेर काढावें. सडल्यास तें सारी पेटी नासवतें.

एवढा नेम ज्या घराला वर्षानुवर्षें पाळतां येणार नाहीं, त्यानें समुद्रपुष्प आणूं नये. त्यांत कमीपणा नाहीं. गोड्या पाण्यांतले मासे पाळावे, आणि सुटींत मुलांना रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं न्यावें. तेथें समुद्रपुष्प त्याच्या स्वतःच्या घरीं भेटतें. ज्याला नेम पाळतां येईल, त्यानें मात्र पेटीच्या काचेवर पाण्याच्या पातळीची एक रेघ ओढून ठेवावी, आणि गांवाला जातांना शेजाऱ्याच्या हातीं किल्ली देतांना ती रेघही त्याला दाखवून जावी.